फाटकापर्यंत
क्योतोच्या महालात मरायची कुणाला मुभा नव्हती. सम्राटांना विटाळ झाला असता. म्हणून त्यांना दूध पाजून वाढवणाऱ्या म्हाताऱ्या इसानोला धुगधुगी असतानाच मेण्यात घातलं. पण सम्राट निरोपाला आले, आणि त्यांचा हात धरूनच तिने प्राण सोडला. दासी कायोने तो हात सोडवला, पडदा ओढला, भोयांना हाक मारली आणि मेण्याशेजारून चालत बडबड सुरू केली.

"आजी, कण्हू नका. घरी गेल्यावर पेज देते."

फाटकावर सेनाधिपती शोगुनच्या पहारेकऱ्याने अडवलं. "म्हातारी जिवंत आहे ना गं?"

"तुझ्यासारख्या दहांना पोचवून मग जाईल."

तो हसून बाजूला झाला. वळणापलीकडे पुढच्या भोयाने मेणा टेकवला.

"रड आता, पोरी," तो म्हणाला. "उचलला तेव्हाच कळलं होतं."