उंचीच्या पट्टीने पाहिलेले दोन भाऊ

मित्रांनो, नाशिकच्या इंदिरानगरात एक दवाखाना आहे. तिथे दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून मी उभी असते. उंची मोजायची जुनी सागवानी पट्टी म्हणजे मी. माझ्या अंगावर सेंटिमीटरच्या खुणा आहेत आणि एक पितळी सरकता दांडा आहे. तो डोक्याला टेकला की लहान मुलं डोळे मिटून घेतात. मोठी माणसंही मिटतात. असं का करतात, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म घोटीचा. शाळेचे बाक बनवून उरलेल्या लाकडातून चिमाजी सुताराने मला घडवलं. खुणा त्याने तापलेल्या सळईने डागल्या, म्हणून त्या आजही शाबूत आहेत. घोटीच्या त्या शाळेत मी कितीतरी वर्षं मुलांच्या उंच्या मोजल्या. टाचा उचलून उंची वाढवणारे होते, श्वास रोखून धरणारे होते. त्यांतच मनीषा नावाची एक मुलगी होती. एकदा तिने गुरुजींना विचारलं, "गुरुजी, माणूस वाढायचा थांबतो तेव्हा 'आता पुरे' असं त्याच्या हाडांना कोण सांगतं?"

गुरुजी म्हणाले, "आधी सरळ उभी राहा."

पुढे शाळेत नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या खोलीत झाली. अंगावर धूळ साचली. एका पावसाळ्यात वाळवी माझ्या पायापर्यंत येऊन परत गेली. मला वाटलं, संपलं आपलं आयुष्य. पण मनीषा डॉक्टर झाली होती, तीही संप्रेरकांची. संप्रेरक म्हणजे शरीरातल्या ग्रंथींनी रक्तातून धाडलेले निरोप. ती शाळेच्या कार्यक्रमाला आली, त्या खोलीत डोकावली आणि मुख्याध्यापकांकडून मला मागून घेऊन गेली.

दवाखान्यात आवाज करून आकडा दाखवणारं यंत्र आधीच होतं. मला शोभेसाठीच आणलंय, असं मी धरून चालले. पण ते यंत्र फक्त पूर्ण उंची सांगायचं. मनीषा मॅडम माझ्या खुणांवर पायांची लांबी वेगळी आणि धडाची वेगळी मोजायच्या. कधी मला भिंतीवरून काढून आडवी धरायच्या आणि पसरलेले हात मोजायच्या. असं कशासाठी मोजतात, ते मला ज्ञानेश आला तेव्हा समजलं.

ज्ञानेशचं घर मखमलाबादकडच्या मळ्यात. घरची फुलशेती, निशिगंध आणि गुलाब. त्याची आई नवसाबाई त्याला घेऊन आली होती. वय वीस, पण ओठांवर मिशीची रेघही नाही, गळ्यात घाटी नाही. आवाज शाळकरी मुलासारखा. हातपाय मात्र लांबच लांब.

"मॅडम, समदे म्हंतात आपोआप होईल," नवसाबाई म्हणाली. "पर कधी? बाजारात गिऱ्हाईक ह्याला 'ए बाळ' म्हणून हाक मारतंय. पोरगं आता मळ्याभाईर पडत नाय."

मॅडमनी त्याला माझ्यापाशी उभं केलं. त्याचे खांदे आखडलेले होते. धडाच्या मानाने पाय लांब निघाले, आणि पसरलेले हात तर उंचीपेक्षाही जास्त भरले. 'आता पुरे' हा निरोप त्याच्या हाडांपर्यंत पोचलाच नव्हता.

मग मॅडमनी एक वेगळाच प्रश्न विचारला. "ज्ञानेश, निशिगंधाचा वास कसा असतो?"

तो गोंधळला. "छान असतो म्हणतात."

"म्हणतात? तुला कसा येतो?"

मॅडमनी डोळे मिटायला सांगून त्याच्या नाकाशी कॉफीची बाटली धरली, मग लवंग, मग कापूर. दर वेळी तो मान हलवून नाही म्हणाला. शेवटी म्हणाला, "मॅडम, वास म्हणजे नक्की काय असतं, ते मला कळत नाही. लहानपणी वाटायचं, मोठं झालं की कळेल."

नवसाबाई खुर्चीतून उठलीच. "आरं देवा! दूध करपून घर भरायचं आन् हा तिथंच बसलेला असायचा. मी त्याला बेध्यान म्हणून मारलंय, मॅडम."

मॅडमनी तिला बसवलं आणि समजावून सांगितलं. मीही कान देऊन ऐकत होते, म्हणजे मला कान असते तर दिले असते. बाळ पोटात असताना वास ओळखणाऱ्या पेशींचे धागे नाकाकडून मेंदूकडे वाढत जातात. त्याच वाटेने आणखी काही पेशी मेंदूत पोचतात. पुढे वयात यायची वेळ झाली की या पेशी हुकूम सोडतात, तो वृषणांपर्यंत जातो आणि तिथे टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं. आवाज, मिशी, स्नायू, हाडांची ताकद, हाडांना 'आता पुरे' सांगणं, सगळं त्याच्यावर. ज्ञानेशच्या बाबतीत ती वाटच अर्धवट राहिली होती. म्हणून वासही नाही आणि हुकूमही नाही.

रक्ताच्या तपासणीतून तेच निघालं. हाडांचा फोटो काढला, तीही ठिसूळ निघाली.

"मग गोळी द्या की," नवसाबाई म्हणाली. "सुई कशाला?"

"साधी गोळी पोटातून आधी यकृतात जाते, मावशी. यकृत हे संप्रेरक तिथल्या तिथे मोडून टाकतं, अंगाला काही मिळतच नाही. म्हणून त्याच्या रेणूला एक शेपूट जोडतात, तेलात विरघळवतात आणि स्नायूत टोचतात. तेलातून ते हळूहळू रक्तात उतरत राहतं."

ज्ञानेशने पहिल्यांदाच मान वर केली. "हे बनवतात कशापासून?"

"आता कारखान्यात बनतं, सोयाबीनमधून निघणाऱ्या एका पदार्थापासून. पण याच घराण्यातलं एक संप्रेरक शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा मिळवलं ते पोलिसांच्या लघवीतून. हजारो लिटर गोळा केली होती."

"पोलिसांच्या?" असं म्हणून ज्ञानेश हसला. नवसाबाईनेही तोंडाला पदर लावला.

सुई अगदी थोड्या मात्रेने सुरू झाली, नंतर वाढवली. इंजेक्शनं घरी कपाटात ठेवायची आणि दर तीन आठवड्यांनी गावातल्या सविता नर्सकडून टोचून घ्यायची, असं ठरलं. ती आणण्या-नेण्याचं काम थोरल्या भावाने, महेशने, अंगावर घेतलं. पहिले काही महिने गंमतच झाली. ज्ञानेशला मिसरूड फुटलं, दंड भरले. एकदा त्याने बाजारातून घरी फोन केला, तर नवसाबाईने "कोन बोलतंय?" म्हणून फोन ठेवून दिला.

आणि मग सगळं थांबलं. तो पुन्हा थकू लागला, पुन्हा गप्प बसू लागला. रक्तातलं प्रमाण खाली आलं. मॅडम कागद उलटसुलट करून बघत राहिल्या. डोस वाढवावा का? पण नको तितकं दिलं तर रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो. त्यांनी घरातल्या कोणाला तरी सोबत बोलावलं. ज्ञानेशबरोबर महेश आला.

महेशचे दंड शर्टात मावत नव्हते. मानेवर आणि पाठीवर लालभडक मुरमं होती, चेहरा तापल्यासारखा लाल. जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी चालली होती त्याची. मॅडमनी त्याचाही रक्तदाब पाहिला, मग त्याला माझ्यापाशी उभं केलं. दांडा खाली ओढताना त्यांचा हात त्याच्या छातीला जरासा लागला, तसा तो कळवळला. त्यांनी चाचपून पाहिलं, तिथे गाठ लागली.

"छाती दुखते?"

"व्यायामानं, मॅडम. पावडर पण घेतो."

"पावडरीने मोठ्या माणसाच्या छातीत अशी गाठ येत नाही, महेश. टेस्टोस्टेरॉन जास्त झालं की शरीर त्यातल्या काहीचं स्त्री-संप्रेरक बनवतं. काय घेतोस?"

महेश माझ्याकडे बघत राहिला, जणू मी उत्तर देणार होते. उत्तर ज्ञानेशने दिलं. अगदी हळू.

"दादा, माझी इंजेक्शनं?"

"एकाआड एक घ्यायचो," महेश म्हणाला. "सविताताईला आणि तुलाबी सांगितलं, मॅडमनी सुई लांबवली म्हणून. बाकीची जिममधल्या एकाकडून घेतली. ज्ञाना, तीन महिन्यांत तुझे दंड भरले. मी चार वर्षं लोखंड उचलतोय. मला वाटलं, एवढं घरात हाय, तर थोडं मी घेतलं म्हणून काय बिघडलं?"

"तुझ्याकडं होतंच ना, दादा," ज्ञानेश म्हणाला. "माझ्याकडं नव्हतं."

मित्रांनो, माझ्यापाशी उभं राहून माणसं उंच दिसायला धडपडतात. त्या दिवशी मात्र तो धिप्पाड महेश माझ्यासमोर आपल्या उंचीहून बुटका वाटला.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मळ्यातल्या टाकीला आपोआप चालू-बंद होणारी मोटार आहे ना? समजा, टाकी बाहेरच्या टँकरने भरली तर?"

"मोटार सुरूच होणार नाय."

"आणि अशीच महिनोन्महिने बंद राहिली तर?"

"जाम होऊन बसते. गंजते."

"तुझ्या मेंदूने तेच केलंय. बाहेरून भरपूर येतंय म्हणून त्याने हुकूम पाठवणं बंद केलं. वृषणांचं काम थांबलं. मूल होण्यासाठी लागणारे शुक्राणूही तिथेच तयार होतात."

महेशने खाली मान घातली. त्याची बायको पायल. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. पाळणा हलेना म्हणून सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या होत्या, उपास तिनेच धरले होते, बायकांचं बोलणं तिनेच ऐकलं होतं. महेशची तपासणी झाली आणि शुक्राणू एकही आढळला नाही.

पुढच्या वेळी नवसाबाई पायलला घेऊन आली. मॅडमसमोरच म्हणाली, "पोरी, तुला म्या लय बोलले. चुकलं माझं." पायलने डोळे पुसले आणि मॅडमना विचारलं, "हे बरे होतील ना?"

"बहुतेक होतील. पण वेळ लागेल, आणि आता एक थेंबही घ्यायचा नाही."

ते महिने महेशला फार जड गेले. बाहेरचं बंद झालं होतं आणि आतलं अजून सुरू झालं नव्हतं. दंड उतरले, मन उतरलं. स्पर्धा गेली. सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं. तेव्हा बाजारात फुलं न्यायचं काम ज्ञानेशने घेतलं. त्याची सुई आता वेळेवर होती, हाडं भरत होती. दर तपासणीला तोच महेशला मोटारसायकलवर बसवून आणायचा. एकदा महेश म्हणाला, "मला घरीच राहू दे, मी नाय येत." ज्ञानेश म्हणाला, "गप बस दादा. मला 'बाळ' म्हणायचे तेव्हा तू भांडायला जायचास का नाय?"

ज्ञानेशला वास मात्र आला नाही, येणारही नाही. पुढे मूल हवं असेल तेव्हा त्याची इंजेक्शनं वेगळी असतील, ती मेंदूच्या हुकमाची जागा घेतील, असं मॅडमनी त्याला सांगून ठेवलंय. महेशची मोटार सुरू झाली, आधी अडखळत, मग बरीशी. गेल्या तपासणीत शुक्राणू दिसले. पायलला दिवस गेले का, ते मला अजून माहीत नाही.

एवढं मात्र मी पाहिलं. मागच्या आठवड्यात महेश एका तरुणाचा दंड धरून त्याला दवाखान्यात घेऊन आला. त्याच्या मानेवर तीच लाल मुरमं होती.

"मॅडम, हा किशोर. आमच्या जिममधला. ह्याला मी लय सांगितलं, ऐकत नाय. याचं बघा तेवढं."

"मला काही झालेलं नाही," किशोर म्हणाला.

"मलाबी काही झालेलं नव्हतं," महेश म्हणाला. "उभा राहा तिथं."

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादा उशिरा वाढणारा मुलगा असेल. त्याला चिडवू नका, त्याला डॉक्टरांकडे जायचं धैर्य द्या. आणि दुसऱ्याला गुण आलेलं औषध आपल्यालाही लागू पडेल, असं मानू नका. मी लाकडाची पट्टी. माणूस बाहेरून केवढा आहे, एवढंच मला सांगता येतं. आत काय चाललंय, ते विचारायला माणूसच लागतो. तेवढं विचारत जा.

किशोर माझ्यापाशी आला, बूट काढले आणि डोळे उघडे ठेवून ताठ उभा राहिला. मॅडमनी दांडा खाली घेतला.