दारापासली खुंटी

मित्रांनो, कपड्यांची कपाटं आली तशी माझ्यासारख्यांची नावंही मुलं विसरली. मी एक जुनी खुंट्यांची फळी आहे. राळेगावकडच्या एका गावात, सदाशिवरावांच्या घरी, पुढच्या खोलीच्या भिंतीवर माझा मुक्काम आहे.

माझा जन्म बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, लाकडातून झाला. बंडी मोडली तेव्हा सदाशिवरावांनी तिची एक सागवानी फळी जपून ठेवली, रंधा मारून गुळगुळीत केली आणि तिच्यात पाच खुंट्या ठोकल्या. भिंतीवर मला बसवून ते सगळ्यांना म्हणाले, "दारापासली खुंटी म्हंजे सगळ्यात आधीचं काम. निघताना हात तिथंच गेला पाह्यजे."

घराला ते वळणच पडलं. पेरणीच्या दिवसांत दारापासल्या खुंटीवर बैलांचे कासरे असायचे. सदाशिवरावांचा मुलगा अमर शाळेत जायचा तेव्हा परीक्षेच्या दिवसांत त्याचं दप्तर असायचं. पाहुणेसुद्धा माझं कौतुक करायचे. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि माझ्यावर कुणीही काहीही अडकवू लागलं. फाटकी छत्री, रिकाम्या पिशव्या, कुणाची तरी टोपी. माझ्यावर धूळ साचली.

मग निशिगंधा या घरात सून म्हणून आली आणि नलूचा जन्म झाला. नलूचं एक पाऊल जन्मतःच आत वळलेलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात बरीच प्लास्टरं झाली आणि पाऊल सरळ झालं. ते तसंच राहावं म्हणून डॉक्टरबाईंनी बूट दिले. दोन बूट आणि त्यांना जोडणारी एक लोखंडी पट्टी. रोज रात्री झोपताना घालायचे, चुकवायचे नाहीत.

बूट घरी आले आणि माझ्या अगदी शेवटच्या खुंटीवर गेले. रात्रीचं काम म्हणून शेवटची खुंटी! चूक तिथेच झाली. कापूस वेचणीचे दिवस. निशिगंधा दिवसभर शेतात, संध्याकाळी चूल, भांडी, धुणं. शेवटच्या खुंटीपर्यंत तिचा हात पोचेस्तोवर नलू आजीच्या, तानाबाईंच्या, मांडीवर झोपलेली असायची. बूट घालायला गेलं की रडून घर डोक्यावर घ्यायची.

"राहू दे वं," तानाबाई म्हणायच्या. "लेकरू झोपलं. उद्या घाल."

असे पुष्कळ उद्या गेले. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी पाऊल हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "टाच पुन्हा ओढली जातेय. महिनाभर रोज बूट घाला, मग बघू. नाहीतर पहिल्यापासून प्लास्टर."

निशिगंधा घरी आली ती थेट माझ्याकडे. तिने पदराने माझी धूळ पुसली, दारापासल्या खुंटीवरची छत्री काढली आणि तिथे बूट अडकवले. त्या दिवसापासून शेतातून आली की हातपाय धुवायचे आणि आधी बूट. नलू तेव्हा जागी असायची, हसायची. पट्टीचा टकटक आवाज करत बसल्या बसल्या भाकरी खायची आणि तशीच झोपायची.

"आल्याआल्या काय करून राह्यली?" तानाबाई कुरकुरल्या. "चूल कोन पाह्यन?"

"चूल थांबते आत्याबाई. पाय नाही थांबत."

पण मित्रांनो, पहिली खुंटी पुन्हा मानाची झाली हे बघून सगळ्यांनाच ती हवीशी वाटू लागली. तानाबाईंनी वेचणीची फडकी तिथेच टांगली. अमरने फवारणीची पिशवी टांगली. सदाशिवरावांनी रात्री शेतात जागलीला न्यायची बॅटरी टांगली. ज्याचं त्याचं काम आधीचं. मी दात आवळून भार सोसला, आणि एका सकाळी खुंटी कडकन मोडली.

माझ्याखाली वेचलेल्या कापसाचा कमरेएवढा ढीग होता. सगळं त्यात पडलं. निघायची घाई होती. जो तो आपली वस्तू उचलून गेला. बूट मात्र जड, ते कापसात आत आत गेले. मला दिसत होतं, पण सांगणार कशी?

संध्याकाळी निशिगंधाने भिंतीकडे पाहिलं आणि तिथेच थबकली. "बूट कुठं हायत?"

"असतीन इथंच," अमर म्हणाला. "जेवल्यावर पाहू ना."

"नाही. बूट सापडल्याबिगर आज चूल पेटनार नाही."

"अन् पोटात काय कापूस भरू?" तानाबाईंनी विचारलं.

"भरा ना आत्याबाई. ढीग समोरच हाय."

तानाबाईंना हसू आलं. त्यांनीच आधी पदर खोचला. अख्खं घर ढिगात शिरलं. सदाशिवरावांच्या मिशीला कापूस, अमरच्या केसांत कापूस, नलू मधोमध बसून कापूस उडवते आहे. शेवटी तानाबाईंच्या हाताला पट्टी लागली. त्यांनी बूट झटकले, आणि निशिगंधा पुढे यायच्या आत स्वतःच नलूच्या पायांत घातले.

"मामाजी," निशिगंधा शांतपणे म्हणाली, "नवी खुंटी ठोका. पन तिच्यावर एकच वस्तू राह्यन. बाकीच्याले चार खुंट्या हायत."

"बरोबर हाय पोरी," सदाशिवराव म्हणाले. "म्या बी इसरलोच होतो."

अमरने आपली पिशवी दुसऱ्या खुंटीवर नेली, आणि जाता जाता तिथली दळणाची पिशवी घेऊन स्वतःच गिरणीवर गेला.

महिना झाला. यवतमाळहून निशिगंधा परत आली ती नलूला कडेवर न घेताच. नलू उंबरठ्यापाशी तिचं बोट धरून उभी होती, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून. प्लास्टर टळलं होतं.

मित्रांनो, माझी नवी खुंटी बाभळीची आहे, भक्कम आहे. पण भक्कम आहे म्हणून तिच्यावर सगळंच टांगू नका. तुमच्या घरी माझ्यासारखी फळी नसली तरी दिवसाची पहिली खुंटी प्रत्येकाकडे असते. तिच्यावर काय अडकवायचं ते सकाळीच ठरवा, आणि ठरवलं की दुसऱ्या कशाला तिथे जागा देऊ नका.

आता दिवे लागायची वेळ झाली आहे. चूल अजून थंड आहे. नलू माझ्याखाली येऊन उभी राहिली आहे आणि दोन्ही हात वर करून म्हणते आहे, "आई, बूत."