पूल तयार आहे

साहेब, तुम्हाला ऐकू येत नाही असं कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. तुम्हाला सगळं ऐकू येतं. टाळ्या ऐकू येतात. मोठ्या साहेबांच्या गाडीचा हॉर्न तर लांबच्या गल्लीतून ऐकू येतो. माणसं तुमच्या कानाशी येऊन आपलं दुखणं बोलली, ते तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि खिशात घातलंत. बहिऱ्याला माफ करता येतं. तुम्हाला कसं करायचं? आता हेही ऐका. नसेल ऐकायचं तर ऐकल्यासारखं करा, त्यात तुमचा हात धरणारा अजून जन्मायचाय.

नदीवरचा पूल दुरुस्त होऊन तयार होता. डांबर वाळलं होतं, पांढरे पट्टे मारून झाले होते, रोज संध्याकाळी रिकाम्या पुलावर दिवेसुद्धा लागत होते. फक्त दोन्ही टोकांना पत्रे ठोकलेलं उंच लोखंडी फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. कारण फीत कापायला मोठे साहेब यायचे होते आणि मोठ्या साहेबांना सवड नव्हती. एक तारीख ठरली, मोडली. दुसरी ठरली, तीही मोडली. वस्ती अलीकडे, हॉस्पिटल पलीकडे. जुन्या पुलावरून वळसा घालायचा तर बाजारातून जावं लागे, आणि तिथे गाड्या अशा अडकत की शेजारच्या गाडीतल्या माणसाशी सोयरीक जुळवून व्हावी.

नाक्यावर सलून चालवणाऱ्या मामांच्या लेकीचे तेव्हा दिवस भरत आले होते. अख्खी वस्ती त्यांना मामा म्हणायची, म्हणून त्यांच्या बायकोला मामी. जावई लांब कामाला, म्हणून लेक आईबापांकडे राहत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि मामा-मामींना आत बोलावून दार लावून घेतलं.

"प्लॅसेंटा, म्हणजे वार, खाली आलीय. बाळाच्या वाटेवरच बसलीय," त्या म्हणाल्या. "कळा येतील, मग बघू, असं करू नका. रक्त दिसलं की तडक इकडे यायचं. उशीर केलात तर कोण वाचेल हे मला विचारू नका."

घरी आल्या आल्या मामींनी लेकीचे कपडे पिशवीत भरायला घेतले. "तिला आत्याकडे ठेवू या. तुमची बहीण पलीकडे राहते ती कशासाठी?"

"बाजारातल्या खड्ड्यांतून तिला हिंदकळत न्यायचं?" मामा म्हणाले. "थांब जरा. उद्या साहेब केस कापायला येतायत. त्यांच्या कानावर घालतो. अगं, अर्धा तास त्यांचं डोकं माझ्या हातात असतं!"

"डोकं असतं हो तुमच्या हातात. त्याच्या आत काय असतं ते कधी बघितलंय?"

लेक पलंगावरून हसली. मग पोटाला हात लावून हसायची थांबली. मामांना ते थांबणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब, म्हणजे तुम्हीच, आले. फीत कापायच्या फोटोत मागे उभं राहायचं असलं तरी डोकं नीट दिसायला हवं. त्यांचा पीए बाकावर बसला, दोन हातांत दोन फोन. मामांनी साहेबांच्या अंगावर कापड टाकलं, मानेशी बांधलं, पाण्याचा फवारा मारला आणि सवयीने म्हणाले, "मान हलवू नका हं, साहेब."

मग कात्री न थांबवता त्यांनी सगळं सांगितलं. लेक, वार, बाजार, फाटक. शेवटी म्हणाले, "उद्घाटन तुम्ही हवं तेव्हा करा. फक्त अडलेल्या बाईची गाडी तेवढी सोडायला सांगा. चौकीदाराला एक फोन, बस."

मामांचं एक शास्त्र होतं. आयुष्यभर लोकांची डोकी हाताळून त्यांनी ते बनवलं होतं. कंटाळलेलं गिऱ्हाईक पाय हलवतं, घाईतलं गिऱ्हाईक भिंतीवरचं घड्याळ बघायला मान उचलतं, आणि मनापासून ऐकणाऱ्याचं डोकं हातात शांत राहतं. साहेबांचं डोकं कलिंगडासारखं शांत होतं. मामा खूश झाले. मान हलवू नका असं आपणच सांगितलंय, आणि कानाशी कात्री चालू असताना चोरसुद्धा हलत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. अशी चूक न्हाव्याच्याच हातून होते.

साहेबांनी आरशातून विचारपूसही केली. लेकीचं नाव काय? पहिलंच बाळ का? जावई कुठे असतो? मग उठताना मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका, मामा. ती माझीपण लेकच."

पीएने फोनवर काहीतरी टिपून घेतलं.

"झालं काम!" मामांनी दारातूनच ओरडून सांगितलं.

"पूल उघडतो म्हणाले?" मामी.

"माझीपण लेकच म्हणाले."

"मी ते नाही विचारलं."

"तू ना, देव समोर आला तरी त्याची ओळख पटवून घेशील." मामांनी भरलेली पिशवी पलंगाखाली सरकवली. आत्याकडे जायचं राहिलं.

संध्याकाळी चौकात साहेबांची सभा होती. लाउडस्पीकर थेट खिडकीसमोर. लेक उशीला टेकून पडली होती, मामा तिच्या पायाशी. आणि एकदम साहेबांच्या तोंडून तिचं नाव आलं.

"माझ्या भागातली एक लेक! पहिलं बाळंतपण! नवरा परमुलखात! तिचा बाप माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी बघून मी ठरवलं, पूल झालाच पाहिजे! आणि आज पूल तयार आहे!"

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. शेजारच्यांनी खिडकीत डोकं घातलं. "मामा, वट आहे बुवा तुमची!"

"बाबा, तुम्ही रडलात त्यांच्यापुढे?" लेकीने विचारलं.

"छे गं. हातात कात्री होती, हात कुठून जोडणार?"

"मग ते असं का सांगतायत?"

मामी खिडकीशी उभ्या राहून शेवटपर्यंत भाषण ऐकत होत्या. संपल्यावर त्या वळल्या. "पूल झाला म्हणाले. उघडतो म्हणाले नाहीत. तुम्ही ऐकलंत का कुठे? मी तर नाही ऐकलं."

मामांनी सभा डोक्यात पुन्हा पहिल्यापासून चालवून बघितली. नव्हतंच ते कुठे.

सकाळी सलून न उघडता मामा साहेबांच्या ऑफिसात गेले. पीए हसून उठला. "या, या! काय गाजला तुमचा विषय! लोक फोन करून विचारतायत, ती लेक कोण म्हणून."

"लेक घरी आहे. फाटकाचं काय झालं? चौकीदाराला फोन गेला का?"

"अहो, साहेबांनी विषय घेतला ना सभेत?"

"सभेत घेतला. चौकीदार काय सभा ऐकून कुलूप काढणार?"

"मामा, असं करू नका," पीएने त्यांना बाजूला घेतलं. "तुमच्या फायद्याचंच सांगतो. मोठ्या साहेबांची नवी तारीख बहुतेक पुढच्या आठवड्यात. फीत कापली की पुलावरून पहिली गाडी कुणाची? तुमच्या लेकीची! बाळ झालेलं असलं तर बाळासकट. नसलं तर तशीच. फोटो कसला येईल, विचार करा!"

"बाळ तुमच्या तारखेची वाट बघणार आहे का?" मामांनी विचारलं.

"आजकाल डॉक्टर लोक बरंच काही लांबवू शकतात," पीए म्हणाला आणि एक फोन कानाला लावला.

त्याच वेळी मामांचा फोन वाजला. मामी होत्या. आवाज एकदम सपाट, सुकलेला.

"रक्त जातंय. ॲम्ब्युलन्स आली, आम्ही बसलोय. ती पांढरी पडलीय हो. ड्रायव्हर विचारतोय, कुठून नेऊ?"

"फाटकाशी आण! मी साहेबांच्या ऑफिसात आहे, फोन ठेवू नकोस. फोन करायला लावतो."

मामा साहेबांच्या दाराकडे धावले. पीए आडवा आला, "मीटिंग चालू आहे, आत जाता येणार नाही," म्हणाला. मामांनी त्याला हाताने बाजूला सारलं. जन्मात कधी कुणाला ढकललं नव्हतं; माणूस इतका हलका असतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

आत साहेब आणि आणखी कुणीतरी टेबलावर निमंत्रणपत्रिकेचे नमुने पसरून बसले होते. एक सोनेरी काठाचा, एक निळ्या.

"अरे, मामा! या, बसा. पाणी आणा रे मामांना."

"पाणी नको. लेकीला रक्त जातंय. गाडी फाटकाशी येतेय. चौकीदाराला फोन करा."

"अरेरे," साहेब म्हणाले. चेहरा खरंच दुःखी झाला. सभेतला चेहरा असाच झाला असेल. "घाबरू नका. मी बोलतो. सगळ्यांशी बोलतो."

"सगळ्यांशी नको. चौकीदाराशी."

"त्याचं काय आहे, किल्ली ठेकेदाराच्या अखत्यारीत येते. मोठ्या साहेबांच्या आधी गाडी सोडली तर उद्या पेपरवाले..." साहेबांनी समोरच्या माणसाकडे बघितलं. तो निळ्या काठाच्या पत्रिकेकडे बघायला लागला. "बघू या. काहीतरी मार्ग काढू."

मामांनी फोनचा स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला, सोनेरी पत्रिकेवर. आत गाडीच्या इंजिनाची घरघर होती. लेकीचं कण्हणं होतं. मामींचा आवाज आला, "आलो फाटकाशी. कुलूप आहे. चौकीदार वरून फोन आल्याशिवाय उघडत नाही म्हणतोय. ड्रायव्हर विचारतोय, थांबू का वळवू? बाजारातून न्यायचं तर आत्ताच वळवायला हवी. काय सांगू त्याला? अहो, काय सांगू?"

"मामी, मी आहे ना," साहेब फोनवर वाकून म्हणाले. "धीर धरा. मी तुमच्या पाठीशी आहे."

"कोण बोलतंय?" पलीकडून मामी ओरडल्या. "थांबू का वळवू ते सांगा!"

मामांनी टेबलाच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"साहेब, नाही म्हणालात तरी चालेल. भांडणार नाही, आत्ता ती गाडी वळवीन. हो म्हणालात तर थांबवीन. पण बघू म्हणू नका. बघू म्हणालात तर ती तिथेच मरेल. तिची आई ऐकतेय, ड्रायव्हर ऐकतोय. बोला. फाटक उघडताय? हो की नाही?"