ताट गेल्यावर चिठ्ठी

आमच्या फ्रिजच्या दारावर गेले दोन महिने चिठ्ठ्या लागतात. बाळ सात महिन्यांचं, सांभाळणारे तिघे आणि तिघांची तोंडं तीन दिशांना, म्हणून ही पद्धत मीच सुरू केली. 'दहा वाजता व्हिटॅमिनचे थेंब द्या.' 'पंखा दोनवर, तीनवर नाही.' 'झोपली असेल तर उठवू नका, पण श्वास बघा.' ही शेवटची चिठ्ठी कायमची आहे. तिच्यावरून घरात माझी थट्टा होते. होऊ दे.

बाळाला आम्ही सरकार म्हणतो, कारण ती सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेते आणि मग तिला हवं तेच करते. सांभाळणारे तिघे म्हणजे मी, दुपारच्या पाळीला जाणारा माझा नवरा आणि माझे सासरे. सासऱ्यांनी एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं काढली. मी कांदा चिरायला घेतला की बाबा उठून बाहेर जातात. बोलत काही नाहीत, बघवत नाही इतकंच.

मी सॉफ्टवेअर लिहिते. आमची कंपनी आजारी माणसांसाठी खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर असं सामान भाड्याने घरपोच देते. ऑर्डर घेणारं अ‍ॅप्लिकेशन एक, गोदामाचं दुसरं, आणि दोघींत अबोला, भांडलेल्या जावांसारखा. मधला निरोप्या म्हणजे गोदामवाले काका. ते एका पडद्यावर वाचायचे आणि दुसऱ्या पडद्यावर एका बोटाने टाइप करायचे. रजा संपवून मी घरून कामाला लागले तेव्हा आमच्या टीमच्या मॅडमनी हेच काम माझ्या पदरात टाकलं. दोघींच्या मध्ये क्लाउडवरची निरोपांची सेवा बसवायची. ऑर्डरवालीने निरोप रांगेत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. गोदामवालीने सवड झाली की तो उचलायचा. कोणी कोणासाठी खोळंबायचं नाही.

"बुधवारी सगळ्यांसमोर चालवून दाखव," मॅडम म्हणाल्या. "चाललं तर वर्षभर घरून काम कर. नाही चाललं तर एक तारखेपासून ऑफिसात. घरून कामं होत नाहीत असं वरचे म्हणतातच. त्यांच्या हातात कोलीत देऊ नकोस."

एक तारखेपासून ऑफिस म्हणजे सरकार पाळणाघरात. बाबांच्या गुडघ्यांना अख्खा दिवस तिच्यामागे रांगणं झेपणारं नव्हतं. पाळणाघर मी बघून आले होते. बाई प्रेमळ, फरशी लख्ख, खिडक्यांना जाळ्या. घरी येऊन मी अर्धा तास रडले. नावं ठेवायला कुठे जागाच नव्हती, म्हणून जास्त.

सोमवारी सकाळी मी चाचणीच्या चाळीस ऑर्डरी सोडल्या. गोदामात सदतीस पोचल्या.

तीन गेल्या कुठे? ऑर्डरवाली म्हणे, मी दिल्या. गोदामवालीच्या वहीत त्यांची नोंद नव्हती. रांगेत बघावं तर रांग रिकामी, धुऊन पुसून ठेवल्यासारखी. पुन्हा चाळीस सोडल्या तर अडतीस पोचल्या. मी नखं खाणं कॉलेजात सोडलं होतं, ते पुन्हा धरलं.

बारा वाजता स्वयंपाकघरात आले तर थेंबांची बाटली सकाळी ठेवली होती तशीच, झाकणावरच्या रबरबँडसकट. नवरा कामावर जायच्या तयारीत बुटांचे बंद बांधत होता.

"दहाचे थेंब दिलेस ना?"

"कुठले थेंब?"

"चिठ्ठी होती."

"हो, होती की. काढली मी." त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून दाखवली, पुरावा म्हणून. "वाचली आणि काढली."

"आणि थेंब?"

"तेवढ्यात बेल वाजली."

"म्हणजे चिठ्ठी दारावर नाही, थेंब पोटात नाहीत, आणि मी समजतेय की दिले."

"अगं, एक दिवस उशीर झाला तर—"

"उशीर नाही झाला. राहिलेच असते ते. कुणाला कळलंही नसतं."

बाबा उंच खुर्चीतल्या सरकारसाठी बटाटा कुस्करत होते. मान वर न करता म्हणाले, "आमच्या हॉटेलात असं केलं असतंस तर गिऱ्हाईक उठून गेलं असतं. चिठ्ठी वाचली म्हणून काढायची नसते. ताट खिडकीतून बाहेर गेलं की काढायची. आधी ताट, मग चिठ्ठी. मधेच आचाऱ्याचा हात भाजला, तो खाली बसला, तरी चिठ्ठी तिथेच लटकलेली. दुसरा आचारी बघतो आणि तवा चढवतो."

"ऐकलंस?" असं म्हणायला मी नवऱ्याकडे वळले. तोंड उघडलं आणि नजर लॅपटॉपच्या खोलीकडे गेली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. जा तू, उशीर होतोय."

दिव्याखाली अंधार. मी निरोप उचलायला शिकवलेली गोदामवाली हुबेहूब माझ्या नवऱ्यासारखी वागत होती. निरोप हातात पडल्या पडल्या ती 'मिळाला' असं कळवून टाकायची. तसं कळवलं की रांग तो निरोप पुसते, तिचा नियमच तो. मग नोंद करता करता गोदामवाली मधेच अडखळली की निरोप रांगेतही नाही आणि वहीतही नाही. खिशात.

थेंब देऊन मी लॅपटॉप उघडला आणि 'मिळाला' ही ओळ उचलून नोंदीच्या खाली नेऊन ठेवली. आता अर्ध्या मिनिटात 'मिळाला' आलं नाही, तर रांग तोच निरोप पुन्हा पुढे करणार. चाळीस सोडल्या, चाळीस पोचल्या. फ्रिजवरही मोठ्या अक्षरांत नियम लावला: 'काम झाल्यावरच चिठ्ठी काढा.'

मंगळवारी साडेदहाला मी बाहेर आले तर दोघेही प्रसन्न.

"आज चिठ्ठी बरोबर काढली," नवरा म्हणाला. "आधी थेंब, मग चिठ्ठी."

"तू कुठले थेंब दिलेस?" बाबा म्हणाले. "मी दिले."

"चिठ्ठी तर दारावरच होती."

"माझे हात बटाट्याने भरलेले. धुऊन येतो आणि काढतो म्हटलं."

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आवाज शांत ठेवायचा असं ठरवलं होतं, तो पहिल्या वाक्यापुरताच टिकला.

"एखाद्या दिवशी दोनदा गेले तर काही होत नाही," त्या म्हणाल्या. "रोज मात्र नको. बाळ काय करतंय?"

"टाळ्या वाजवतंय."

"मग तुम्ही बसा आणि ग्लासभर पाणी प्या."

पाणी प्यायला बसले आणि ग्लास तसाच ठेवून लॅपटॉपकडे गेले. थेंब दिले पण चिठ्ठी काढायची राहिली, तर दुसरा येऊन पुन्हा देतो. मग गोदामवालीने नोंद केली आणि 'मिळाला' म्हणायच्या आत ती पडली तर? करून बघितलं. नोंद होताच गोदामवाली बंद केली आणि परत चालू केली. पाचव्या मिनिटाला काकांचा फोन.

"पोरी, या एकट्या राहणाऱ्या आजोबांना दोन खाटा कशाला गं?"

"काका, ते खोटे आजोबा आहेत. चाचणीचे."

"खोटे असले म्हणून काय झालं? झोपणार एकाच खाटेवर ना."

बुधवारला एक दिवस उरला होता. मी प्रत्येक निरोपाला क्रमांक दिला. गोदामवालीने निरोप उचलला की आधी वहीत तो क्रमांक शोधायचा. सापडला तर नुसतं 'मिळाला' म्हणून गप्प बसायचं, खाट हलवायची नाही. घरात थेंबांच्या बाटलीला दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि शेजारी तारखांचा कागद चिकटवला. थेंब दिले की त्याच जागी, त्याच क्षणी खूण, हात कसेही असोत. चिठ्ठी दिसली तरी आधी कागद बघायचा. बाबांनी तो कागद बराच वेळ वाचला.

"बटाट्याचे डाग पडतील," ते म्हणाले.

"पडू देत. डाग म्हणजेच खूण."

"हं," ते म्हणाले. कांदा कापताना मला हे 'हं' कधी मिळालं नव्हतं.

बुधवारी पडद्यावर मॅडम, वरचे दोघे आणि काका. सरकार शेजारच्या खोलीत बाबांच्या कडेवर. मी वीस ऑर्डरी सोडल्या, वीस पोचल्या. वरच्यांपैकी चष्मेवाले म्हणाले, "हे ठीक आहे. पण गोदामाचं बंद पडलं तर?"

"काका, बंद करा तुमचं," मॅडम म्हणाल्या.

काका या क्षणाची वाटच बघत असावेत. मी पुढच्या सहा सोडल्या, आणि पहिलीची नोंद होते न होते तोच त्यांनी ते बंद केलं. रांगेत निरोप साचले. नेमकं तेव्हाच शेजारच्या खोलीतून सरकारने सूर लावला. माझा माइक बंद करायचा राहिला होता.

"कोण रडतंय?" चष्मेवाले म्हणाले.

"सरकार," मी म्हणाले, आणि कानापर्यंत तापले. "म्हणजे मुलगी."

"काका, चालू करा," मॅडम म्हणाल्या.

चालू झालं. दुसरी, तिसरी, चौथी पोचली. पहिली पुन्हा पुढे आली. गोदामवालीने वही बघितली, 'हे झालेलं आहे' असं लिहिलं आणि खाटेला हात लावला नाही. मग पाचवी, सहावी. काकांनी बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"सहाच," ते म्हणाले. "एकाही आजोबांना दोन नाहीत."

चष्मेवाल्यांना आजोबा कोण ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. अर्ध्या तासाने मॅडमचा मेसेज आला: 'वर्षभर घरून. दोघेही हो म्हणाले.' दोन मिनिटांनी तोच मेसेज पुन्हा आला, त्यांच्याकडचं नेटवर्क तसलंच. मला तो दुसऱ्यांदाही वाचावासा वाटला.

मी एक चिठ्ठी लिहिली आणि फ्रिजला लावली: 'आई घरीच आहे.'

नवरा कामावर निघाला होता. त्याने ती वाचली, सवयीने हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"बाबा, ही कधी काढायची?"

बाबा सरकारच्या हनुवटीवरचा बटाटा पुसत होते.

"ताट अजून गेलेलं नाही," ते म्हणाले.