बैठकीला आलेली बाई

"अक्का, कंद इकायला बसलीस का नुसतीच टोपली राखतीस?"

गिऱ्हाइकाचा प्रश्न पुतळीच्या कानावर पडला, पण डोक्यात शिरला नाही. जगलबेटच्या बाजारात बाकीच्या बाया रस्त्याकडेला बसल्या होत्या. ही मात्र देवळाच्या सभामंडपाच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. भिंतीपलीकडे दारू सोडू पाहणाऱ्या माणसांची बैठक चालली होती. नंदिगड्ड्याहून रान तुडवत पुतळी आली होती ती त्यासाठीच. कंदांची टोपली नुसती निमित्ताला.

बैठक येसाजी गाडीवानाने सुरू केली होती. लाकडं घेऊन बेळगावला जाताना तिकडे त्याने असं काही पाहिलं होतं, आणि त्याची स्वतःची दारू सुटली होती ती त्यामुळेच. बाजाराच्या दिवशी दुपारी काही गडी मंडपात जमत आणि आपापलं सांगत. कोणी उपदेश करायचा नाही, कोणी हसायचं नाही, एवढंच बंधन. पण येणारे सगळे पुरुष. बाईमाणूस पितं हे गावाला ठाऊक असलं, तरी ती बोलायची गोष्ट नव्हती.

पुतळी सुईण होती. आसपासच्या वाड्यांवरची कितीतरी पोरं तिच्या हातांवर जगात आली होती. बाळंतीण मोकळी झाली की घरची माणसं तिला नारळ-तांदूळ देत आणि जागरणाचा शीण जावा म्हणून वाटीभर दारूही. ती घेणं रीतीचंच होतं. मानमोडी तापाच्या साथीत तिचा नवरा गेला, आणि तेव्हापासून ती वाटी बाळंतपणाची वाट बघेनाशी झाली.

मग लावणीच्या दिवसांत पलीकडच्या वाडीवरच्या फुलाची बाळंतपणाची वेळ भरली. फुलाचा नवरा नागू बोलवायला आला तेव्हा भर दुपारी पुतळी ओसरीवर पडलेली होती. त्याने हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. तिने डोळे उघडले, "आले" म्हणाली आणि पुन्हा मिटले. शेजारणींनी फुलाला कसंबसं सोडवलं. फुला वाचली. पोरगी मात्र गळ्याला नाळेचा वेढा घेऊन आली, ती रडलीच नाही. तसे वेढे पुतळीने आजवर कितीदा सोडवले होते.

कोणी तिला शिव्या दिल्या नाहीत. बोलावणी तेवढी बंद झाली. पाणवठ्यावर ती दिसली की पोटुशी बाई घागर अर्धीच घेऊन वाटेला लागे. पुतळी मान वर करत नसे.

आता भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला. नागू बोलत होता.

"समदी पुतळीअक्काला नावं ठेवत्यात. मीबी ठेवली. पन मी घरातनं सकाळीच निघालो हुतो. वाटंत गुत्ता लागला. जीवाला जरा धीर यावा म्हनून टेकलो. उठलो तवा दिस माथ्यावर आल्याला. फुलाला हे मी अजून सांगितलं न्हाई."

पुतळीला वाटलं, कोणीतरी आपल्या छातीवरचा धोंडा उचलतंय. तो सकाळी आला असता तर! मिनिटभर तिला फार हलकं वाटलं. मग ती सकाळ आठवली. चूल पेटवायच्या आधीच तिने दारूच्या मडक्यात हात घातला होता.

टोपली तिथेच टाकून ती उठली आणि मंडपाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"बाईमानसाचं हितं काय काम?" कोणीतरी म्हणालं. येसाजीने त्याला हाताने थांबवलं.

"नागू," पदर कपाळावर ओढत पुतळी म्हणाली, "तू सकाळी आला असतास तरी मी उठले नसते. उजाडतानाच घेतल्याली. तुझं तू बघ. माजं हाय ते माजंच हाय."

नागू उठला. पायरीवर तिच्या अंगाचा वारा लागणार नाही इतक्या कडेने उतरला आणि निघून गेला.

"बस, अक्का," येसाजी म्हणाला.

"कुठं बसू?"

"हितं. जागा हाय की."

गडी बसले होते त्या घोंगडीपासून लांब, ती खांबाशी बसली. बरं केलंस, असं कोणी म्हणालं नाही.

त्यानंतर ती बाजारागणिक येत राहिली. मध्ये एकदा घसरली, पुन्हा प्याली; तेही सांगितलं, खाली बघत. गावात बोभाटा झाला. भावजय तुळजा घरी येऊन म्हणाली, "गडीमानसांत जाऊन आपली लाज सांगतीस व्हय?"

"लाज हितं घरातबी हायच, तुळजा. तितं नुसती बोलून दावते."

सुगी आटोपल्यावर नागू पुन्हा बैठकीला आला. पुतळीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसला. त्याची पाळी आली तेव्हा एवढंच म्हणाला, "फुलाला सांगितलं. ती म्हायेरला गेली."

मग पाळी पुतळीची. गप्प बसावं असं तिला वाटलं. येसाजी वाट बघत होता.

"काल दिवेलागणीला मडक्यापाशी गेले हुते," ती म्हणाली. "झाकन काढलं."

नागूने उठण्यासाठी जमिनीला हात टेकला. मग त्याने हात उचलून गुडघ्यावर ठेवला, मांडी नीट घातली, आणि पुतळी पुढचं सांगू लागली.