वाएलुपेच्या घरची तयारी

वाएलुपेने ऑकलंडला जाऊन केमो घ्यायला नकार दिला आणि सवाई बेटावरच्या तिच्या घरात सगळे तिच्याशी तुसडेपणाने वागू लागले. कर्करोग हाडांत पोचला होता. उपचारांनी फार तर थोडे महिने मिळाले असते.

"मरायला विमानाचं तिकीट कशाला? इथे फुकट मरेन," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. थोरला मुलगा सेफो घराण्याचा प्रमुख. वेदना शमवायला मॉर्फिन घेऊन आलेल्या नर्सला त्याने दारातूनच परत पाठवलं.

"औषध नको म्हणाली ना? मग कुठलंच नको! हे दिलं तर आम्हीच तिला मारलं, असं गाव म्हणेल."

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्यांच्यासमोर आडवं पडणं बरं दिसत नाही, म्हणून तिला उशा लावून बसवत. दात आवळून ती त्यांची भजनं ऐके.

एके सकाळी तिची बहीण फुआतिनो आली. अंत्यविधीला येणाऱ्यांना वाटायच्या बारीक विणीच्या चटया आणि माशांच्या डब्यांचे खोके मागच्या खोलीत रचलेले तिला दिसले.

"वा रे, सेफो! अंत्यविधीची जय्यत तयारी! आई अजून जिवंत आहे, आठवतंय ना?"

"मावशी, ऐनवेळी काही कमी पडलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही."

"आणि ती रात्रंदिवस कण्हते, त्याचं काय?"

"तिनेच ओढवून घेतलंय."

"तिने केमो नाकारली रे, लेका! झोप कुठे नाकारली? तुझं ऐकलं नाही म्हणून तू तिला शिक्षा देतोयस!"

तेवढ्यात पुढच्या खोलीत पाहुण्यांच्या चाललेल्या भजनातून आईची किंकाळी आली. "सेफो, मला निजव रे!"

तो धावला. पाहुण्यांना बाहेर काढून त्याने तिला निजवलं, आणि स्वतः जाऊन नर्सला घेऊन आला.

नर्सने मॉर्फिन दिलं आणि दुपारी आई गाढ झोपली. उठल्यावर तिने पपईची खीर मागितली. दोन घास खाऊन म्हणाली, "नारळात काटकसर केलीत!"

"इतकं सोपं होतं हे?" सेफोने नर्सला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

त्याच आठवड्यात ती गेली. अंत्यविधीची गावभर वाहवा झाली. सेफो मान खाली घालून बसला होता. आता कुणाच्या घरी असं दुखणं आलं, की तो आधी जातो आणि नर्सला बोलवायला लावतो. त्याच्या आईला त्याचा काय उपयोग!

वाचकहो, उपचार घ्यायचे की नाही, हे रोग्याने ठरवावं. त्याच्या वेदना थांबवणं मात्र आपलं काम. ते टाळल्यावर आपण जे जे थाटामाटात करतो, ते फक्त गावाला दाखवण्यासाठी असतं.