सोपं कारण

"मास्तर, इंजिन बंद पडला काय आधी सोपा कारण बघूचा," लुईस म्हणाला. "पेट्रोल आसा? हवा येता? मगेच पानो हातात घेवचो."

आरोंद्यात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा लुईस म्हणजे माझं वाद घालायचं हक्काचं ठिकाण. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो तरी जित्याची खोड जाते थोडीच!

"मगे देवाचाय तसाच बघ," मी डिवचलं. "भरती चंद्रान येता, पाऊस ढगान पडता. मदी देव कित्याक होयो?"

एरवी तो हसून म्हणायचा, "तुमची धा कारणां, माजो एक देव. सोपा कोणाचा?" मग मी चहा मागवायचो. आज तो हसला नाही.

आज त्याच्या धाकट्या भावाच्या, स्टॅनलीच्या वर्षश्राद्धाची मिस होती, संध्याकाळी चर्चमध्ये. खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडलं आणि लाटेनं होडी उलटवली. स्टॅनली तिसऱ्या दिवशी मिळाला. फादर म्हणाले, देवाची इच्छा. ते स्टॅनलीच्या बायकोला, कार्मीनला, इतकं पटलं की वर्षभर तिनं चर्चची पायरी चढली नाही.

तेव्हापासून खाडीत एखादं इंजिन अडखळलं की लुईसचा हात थांबायचा. कधी खाडीत होडीच नसायची. तरी विचारायचा, "आयकलात?" मला काहीच ऐकू आलेलं नसायचं.

"मास्तर, कारण सोपा असला तर सांगूकच होया?"

"मगे? लपवून कारण बदालता काय?" मी मास्तरकी केली. काय बोलून बसलो, ते तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी मीही त्याच्याबरोबर चर्चला गेलो. कार्मीन फाटकाशीच उभी होती.

"जेना माजो घोव नेलो, तेच्या घरात माका काय काम?"

"देवान नाय नेलो, कार्मीन," लुईस म्हणाला. "टाकी मी स्कूटरवरसून हाडलंय. पेट्रोल सांडू नये म्हणान झाकणावरचो हवेचो स्क्रू आवळलंय, नि होडीत ठेवताना सैल करूक इसारलंय. हवा नाय गावली तर इंजिन धा मिनटां चलता, मगे मरता. टाकी गावली तेवा स्क्रू तसोच होतो. कोणी बघूच्या आधी मीच तो सैल केलंय."

स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याचं कारण! देवाची इच्छाच बरी होती, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं आणि माझी मलाच लाज वाटली.

कार्मीननं फाटकावरचा हात काढला.

"वरीसभर मी देवाक गाळी घातलंय," ती म्हणाली. "नि तू बाजूक बसान आयकत रवलंस."

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि ती आत गेली. तिच्यामागून लुईस पायरीपर्यंत गेला आणि थांबला.

मी देव मानत नाही म्हणून बाहेर राहिलो. लुईस मानतो म्हणून राहिला. आतून प्रार्थनेचे शब्द येऊ लागले, तसा तो तिथेच, चिऱ्याच्या फरशीवर, गुडघे टेकून बसला.